दुधाच्या पिशवीवरचा हिरवा ठिपका

आषाढ लागला की सोलापुरात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी शहरात मुक्कामाला येते. गळ्यात तुळशीची माळ, खांद्यावर पताका घेतलेली माणसं पंढरपूरच्या वाटेला लागलेली दिसतात. आणि त्याच महिन्यात पूर्व भागात पोचम्माच्या, मरीआईच्या देवळांपुढं हळद-कुंकू लावलेले बोकड उभे असतात. आखाड आहे. श्रावणाआधी नवस फेडायचे, पाहुण्यांना बोलवायचं, सासरी गेलेल्या लेकींना जेवायला आणायचं. रविवारी मटणाच्या दुकानापुढं उजाडायच्या आत गर्दी होते. एकाच गल्लीत एका घरी वारकऱ्यांसाठी पिठलं-भाकरी होते आणि पलीकडच्या घरात काळ्या मसाल्याचा रस्सा रटरटत असतो. भांडण होत नाही. पालखी आली की रश्श्यापाशी बसलेली बाईही हात धुऊन, पदर सावरून पाया पडायला बाहेर येते.

माझं माहेर मोहोळ तालुक्यातलं. आजी माळकरी होती. वडील आणि चुलते खाणारे. त्या काळच्या कितीतरी घरांतली रीत आमच्याही घरी होती: मटणाची चूल अंगणात, भांडी वेगळी, आणि राखेनं घासून झाली की ती गोठ्याच्या भिंतीला पालथी. आजी त्या दिवशी नाकाला पदर लावून माजघरात बसायची, पण आतूनच सांगायची, "पोरास्नी पोटभर वाढा गं." तिच्या ताटात दूध-भाकरी असायची, वर सायीचा जाड थर. आतल्या ताटात पाप नाही आणि अंगणातल्या ताटात आहे, ही वाटणी त्या घरात कुणी कुणाला समजावून सांगितली नव्हती. सगळ्यांना ती ठाऊकच होती.

ही वाटणी मला खरी वाटत नाही. मी गोठ्यात वाढले आणि नंतरचं सगळं आयुष्य पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासण्यात गेलं. जनावराच्या बाजूनं बघितलं तरी ती टिकत नाही आणि माणसाच्या शरीराच्या बाजूनं बघितलं तरी नाही.

गोठ्यापासून सांगते. गाय दूध देते ती विते म्हणून. शिकल्यासवरल्या माणसांनाही हे वाक्य कधी कधी सांगावं लागतं. दूध वासरासाठी उतरतं; वेत नाही तर दूध नाही. म्हणून धंद्याच्या गाईला साधारण वर्षाला एक वेत धरावं लागतं. व्यायल्यावर दोन-तीन महिन्यांत परत कांडी भरायची, म्हणजे कृत्रिम रेतन करायचं, दहा महिने पिळायची, दोन महिने आटवायची, की पुढचं वेत आलं. कालवड झाली तर घरात आनंद, कारण ती उद्याची गाय. गोऱ्हा झाला तर? आणि निम्मे गोऱ्हेच होणार, त्याला कुणाचा इलाज नाही.

वडिलांच्या उमेदीत आमच्याकडं खिलार होती. सांगोला, पंढरपूर, आटपाडी हा सगळा पट्टाच खिलारचा. ती गाय दूध देते जेमतेम, पण तिच्या खोंडाला मान होता. त्याला आईखाली मनसोक्त सोडायचे, कारण पुढं तोच नांगराला आणि गाडीला लागणार. बेंदराला त्याची शिंगं रंगवायची, पुरणपोळीचा घास भरवायचा. मग ट्रॅक्टर आला आणि खोंडाचं काम गेलं. दूध डेअऱ्या आल्या, त्यांच्यापाठोपाठ जर्सी आणि एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) या विलायती गाई आल्या. चांगली एचएफ दिवसाला वीस लिटरही देते. पण तिच्या गोऱ्ह्याला वशिंड नाही, मानेवर जू नीट बसत नाही, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तो उभ्या उभ्या धापा टाकतो. शेताला त्याचा उपयोग शून्य. तो जन्माला येतो तो केवळ आईला पान्हा फुटावा म्हणून.

डेअरीत भाव ठरतो फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे दुधातल्या स्निग्धांशावर आणि उरलेल्या घन घटकांवर. सरकी पेंडीचं पोतं दर वर्षी महागतं. अशा हिशोबात गोऱ्ह्याच्या पोटात गेलेलं प्रत्येक लिटर म्हणजे डेअरीला न गेलेलं लिटर. त्याला मारत कुणी नाही. फक्त पाजत नाहीत. सुरुवातीला थोडा चीक, मग पातळ केलेलं काहीतरी, मग कडब्याची चिपाडं. ती पचवणारं पोट त्या वयात त्याच्यात अजून तयारच झालेलं नसतं. आठ-पंधरा दिवसांत हगवण लागते. "टिकला नाही," असं म्हणतात. त्याच गोठ्यात, त्याच हवेत कालवडी मात्र टिकतात.

आणि टिकला तरी पुढं काय, हे कुणाला ठाऊक नसतं. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला १९७६च्या कायद्यानं बंदी होतीच. १९९५ साली विधिमंडळानं केलेल्या दुरुस्तीला मार्च २०१५मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि बैल, वळूही त्या बंदीत आले. २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ही बंदी कायम ठेवली. या कायद्यामागं जनावराची कणव असलेली माणसंही आहेत, हे मला मान्य आहे. माझी आजी असती तर तिनं हात जोडले असते. पण मारू नका हे सांगणाऱ्या कायद्यानं, मग त्याला खाऊ कोण घालणार, याचं उत्तर दिलेलं नाही. ते उत्तर चार गाईंच्या मालकावर सोडून दिलं. तो रात्रीच्या अंधारात गोऱ्ह्याला हायवेला सोडून येतो. पुढं ट्रकचे दिवे आणि कचऱ्यातल्या प्लास्टिकच्या पिशव्या.

म्हशीच्या रेडकाला ही बंदी नाही. लांब तलवारीसारख्या शिंगांची आपली पंढरपुरी म्हैस या जिल्ह्याची शान आहे. तिचा रेडा थोडा मोठा झाला की कुठं जातो, हे गोठेवाल्याला नीट माहीत असतं. म्हशीचं मांस परदेशी पाठवणाऱ्या देशांत भारत अगदी वरच्या रांगेत आहे. आणि दूधउत्पादनात तर पहिलाच. २०२३-२४मध्ये आपल्या देशात सुमारे २३.९ कोटी टन दूध निघालं. या दोन गोष्टींचा एकमेकांशी संबंध आहे. एवढ्या दुधामागं जे नर जन्माला आले ते कुठंतरी गेलेच ना.

तरी दुधाच्या, पनीरच्या पाकिटावर हिरवा ठिपका असतो आणि अंड्याच्या बॉक्सवर तपकिरी खूण. कायद्यानं दूध शाकाहारी. त्या ठिपक्याचा अर्थ एवढाच की या पदार्थात कुणाचं मांस नाही. कुणाचा जीव गेला नाही, असा अर्थ आपण आपल्या मनानं लावून घेतला. त्या ठिपक्यानं आपल्याला नको तेवढं निर्धास्त केलंय, असं मला वाटतं. मी दूध पिते, माझ्या घरी दही लागतं, ताक रोज होतं. दूध सोडा, असं मी कुणाला सांगत नाही. पण पनीरची भाजी खाणाऱ्यानं शेजारच्या ताटातल्या मटणाकडं बघून नाक मुरडू नये, एवढं मात्र मी ठामपणं म्हणते.

आता तो बोकड.

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेतला. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही भरवशाचा नाही. जिथं पाटाचं पाणी पोचलं तिथं ऊस आणि डाळिंब. उरलेल्या माळावर बोरी-बाभळी, कुसळाचं गवत आणि मुरूम. या माळातून अन्न काढण्याची एकच युक्ती इथल्या माणसाला शेकडो वर्षांपासून माहीत आहे, ती म्हणजे शेळ्या-मेंढ्या. काळी, लांब कानांची उस्मानाबादी शेळी बाभळीच्या शेंगांवर आणि बोरीच्या पाल्यावर जगते, बहुतेक वेळा जुळी करडं देते. ज्या घरात एक एकरही ओलीत नाही त्या घरातल्या बाईचा दवाखाना, पोरीची फी, सणाचं लुगडं शेळीवर होतं. धनगराची मेंढरं शेतात बसवली की शेतकरी त्याला धान्य देतो, कारण लेंड्यांनी जमिनीला जोर येतो. कोरडवाहूत जिथं डाळसुद्धा दोन वर्षांत एकदा पिकते तिथं, मांस खाऊ नका, डाळी खा, असं सांगणाऱ्यानं आधी तो माळ चालून बघावा.

पण म्हणून काही बोकडाचं मरण मी हलकं करत नाही. ते मी लहानपणी बघितलंय, अंगणातच. तो शेवटपर्यंत माणसाच्या हाताकडं पाला मिळेल म्हणून बघत असतो. बसवेश्वरांचं एक वचन आहे, सोलापुरातल्या कन्नड जाणणाऱ्या घरांतून ते मी पहिल्यांदा ऐकलं: सणाला बळी द्यायला आणलेलं मेंढरू तोरणासाठी आणलेला पालाच खाऊ लागतं, आपल्याला मारणार हे त्याला ठाऊक नाही, ते पोटाची आग विझवतंय. ते त्याच दिवशी मेलं. पण मारणारे तरी उरले का, असं पुढं विचारलंय. बाराव्या शतकातले हे शब्द. सिद्धरामेश्वरांच्या या गावात ते आजही म्हटले जातात, आणि जत्रेत, कंदुरीला बोकडही आजही पडतात. त्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही. मी तो बाजूला सारत नाही, एवढंच.

पण मारणं ही एक गोष्ट आणि जगवणं ही दुसरी. बोकडाच्या वाट्याला शेवटची काही वाईट मिनिटं आली, त्याआधी वर्षभर माळ होता, आई होती, ऊन-वारा होता, टकरा खेळायला सोबती होते. पिंजऱ्यातल्या कोंबडीला यातलं काहीच मिळत नाही. अंड्यांच्या बहुतेक मोठ्या शेडमध्ये एका कोंबडीला ए-फोर कागदापेक्षाही कमी जागा मिळते. पंख पसरता येत नाहीत, मातीत अंग घुसळता येत नाही, अंडं घालायला आडोसा शोधता येत नाही, आणि हे सगळं करण्याची तिची ओढ मात्र जात नाही. वर्षाला तीनशेच्या घरात अंडी. तेवढं कॅल्शियम कवचांत जाऊन हाडं ठिसूळ होतात. अंडी घटली की तिची रवानगी कसायाकडं. तिच्या जातीचे नर अंडी घालत नाहीत आणि मांसालाही वाढत नाहीत, म्हणून ते हॅचरीत पहिल्याच दिवशी मारून टाकतात. गोठ्यात जे महिनाभर चालतं ते इथं एका दिवसात उरकतं. ब्रॉयलरचं, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबडीचं, आणखी वेगळं. पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या वर वजन, पायांना शरीर पेलत नाही. भारताच्या विधी आयोगानं २०१७मध्ये याच विषयावर २६९ वा अहवाल दिला, पिंजरे बदला म्हणून. आपल्याकडं त्यावर चर्चा फारशी झाली नाही.

इथं जनावराचं दुःख आणि माणसाचं शरीर एकमेकांना भिडतात. इतकी पाखरं इतक्या दाटीत ठेवायची तर रोग पसरणारच, म्हणून खाद्यातून औषधं. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक डॉक्टर अगदी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवतात. ते आपल्याकडं कोंबड्यांची वाढ व्हावी म्हणून वापरलं जात होतं. जुलै २०१९मध्ये केंद्र सरकारनं ते खाण्याच्या जनावरांसाठी बंद केलं. लॅबमध्ये लघवीचं कल्चर लावलं, म्हणजे त्यातले जंतू वाढवून बघितले, की जंतूवर कुठलं औषध चालतं याची यादी निघते. पूर्वी त्या यादीत एखाद-दुसरा 'आर' असायचा, म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही. आता पानभर 'आर' असलेले रिपोर्ट येतात, तेही साध्या घरातल्या, कधी आयसीयू न बघितलेल्या बायकांचे. याला सगळी कोंबडीच जबाबदार नाही. सर्दी झाली की मेडिकलमधून गोळ्या घेणारी आपली सवय तितकीच आहे. पण शेडमध्ये तयार झालेला चिवट जंतू शेडमध्येच राहत नाही. सांडपाण्यातून, खतातून, हातांवरून तो बाहेर येतो, आणि शाकाहारी माणसाच्या घरापाशी थांबत नाही.

रक्ताचं बोलायचं तर सगळ्यात आधी बी-१२ हे जीवनसत्त्व. मी कामाला लागले तेव्हा ही तपासणी क्वचित यायची, आता रोज येते. तळपायाला मुंग्या, जीभ सोललेली, जिना चढताना दम, ठेवलेली वस्तू आठवत नाही, अशा तक्रारी घेऊन माणसं येतात आणि आकडा दोनशेच्याही खाली निघतो. यांत पिढ्यान् पिढ्या शाकाहारी असलेल्या घरांतली माणसं खूप असतात. ती चकित होतात. आम्ही दूध-तूप खातो, मग कसं? विचारलं तर कळतं की दूध म्हणजे दोन वेळच्या चहात पडतं तेवढंच. रोज अर्धा लिटरच्या आसपास दूध-दही पोटात गेलं तर गरज भागू शकते, पण एवढं दूध आज किती घरांत माणशी येतं? शिवाय दूध फार वेळ उकळत ठेवलं की त्यातला काही बी-१२ जातो. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचाही आकडा उतरतो, मग ते मटण खाणारे असोत की नसोत.

या बी-१२ची गंमत मला फार विचार करायला लावते. तो गाय बनवत नाही, बोकड बनवत नाही, कुठली भाजीही बनवत नाही. तो बनवतात जिवाणू. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात ते राहतात, तिथून तो त्याच्या मांसात आणि दुधात उतरतो. आपल्या मोठ्या आतड्यातले जिवाणूही तो तयार करतात, पण शोषून घेण्याची जागा त्याच्या आधीच, लहान आतड्याच्या टोकाशी, संपलेली असते. म्हणून बीट, पालक, शेवगा, कितीही खाल्ला तरी बी-१२ मिळत नाही. गोळीतला बी-१२ मात्र कारखान्यात जिवाणूंकडूनच करून घेतात. त्यासाठी जनावर लागत नाही. म्हणजे अगदी दूधही सोडायचं ठरवलं तरी वाट आहे, फक्त गोळी न चुकता घेतली पाहिजे. (कॅप्सूल घेऊ नका, तिचं आवरण बहुतेक वेळा जिलेटीनचं, म्हणजे हाडा-कातड्यापासून काढलेलं असतं.) "आमचे आजोबा काय गोळ्या खात होते?" असं मला विचारतात. आजोबांच्या रक्ताची तपासणी कुणी केली होती?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढं त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. निम्म्याहून जास्त बायकांच्या रक्तात बी-१२ कमी होतं. ज्या आयांना बी-१२ कमी आणि फोलेट (ब गटातलंच दुसरं जीवनसत्त्व) जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्शुलिन नीट काम न करण्याची लक्षणं जास्त दिसली. आईच्या ताटाचा हिशोब लेकराच्या अंगावर निघतो, हे वाचल्यापासून गरोदर बाईचा बी-१२ रिपोर्ट माझ्या हातून नुसता टाइप होत नाही. आकडा कमी असला की मी तिला, डॉक्टरांना नक्की दाखवा, असं दोनदा सांगते.

आता उलट बाजू. आखाड सरताना, थर्टी फर्स्टनंतर कोलेस्टेरॉलच्या तपासण्या वाढतात. तर्रीवर तरंगणारी चरबी रक्तात दिसते. युरिक अॅसिड वाढलेला माणूस पायाचा दुखरा अंगठा धरून येतो आणि आदल्या आठवड्यात वजडी-कलेजी झालेली असते. २०१५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं सॉसेज, सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला नक्की कारण ठरणाऱ्या गोष्टींच्या गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता सुमारे १८ टक्क्यांनी वाढते. बोकड-बैलाचं साधं लाल मांस त्यांनी 'बहुधा' या गटात ठेवलं. इंग्लंडमधल्या हजारो माणसांच्या ऑक्सफर्डच्या अभ्यासात शाकाहारी लोकांना हृदयविकार कमी आढळला, पण पक्षाघात थोडा जास्त. एकाच ताटाला सगळी बक्षिसं मिळत नाहीत. आणि ज्यांनी जन्मात अंड्याला हात लावला नाही अशांचे ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) चारशेवर गेलेले मी बघत असते. त्यांच्या खाण्यात मांस नसतं. फरसाण, साबुदाणा, गोड चहा आणि पांढरा भात असतो.

खरं तर आपलं जुनं ताट पुष्कळ शहाणं आहे. ज्वारीत लायसिन हा प्रथिनातला एक गरजेचा घटक कमी, ते तुरीत, हुलग्यात भरपूर. भाकरी-आमटी मिळून प्रथिन पुरं होतं. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, आणि शेंगाचटणीशिवाय सोलापुरात कुणाचं पान वाढत नाही. हुलग्याच्या माडग्यात लोह असतं. वर लिंबू पिळलं तर ते जास्त शोषलं जातं, जेवल्या जेवल्या चहा घेतला तर कमी. हे मी लॅबच्या काउंटरवर इतक्या वेळा सांगितलंय की रिपोर्ट न्यायला येणारे हसतात.

पण एक बाई हसली नव्हती. विडीकामगार, तिसऱ्यांदा गरोदर, हिमोग्लोबिन सातच्या आसपास. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आहे, २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तो ५४ टक्के निघाला. ही त्यांतली एक. मी तिला लिंबाचं, माडग्याचं सांगत होते. ती म्हणाली, "अक्का, सकाळी बसलं की हजार विड्या झाल्याबिगर उठता येत नाही. माडगं कवा करू? अंडं उकडायला टाकलं की झालं. तेवढंच परवडतंय ओ."

तिचं खरं आहे. एका अंड्यात सहा ग्रॅम उत्तम प्रथिन, बी-१२चा दिवसाच्या गरजेतला साधारण पाचवा हिस्सा, आणि किंमत चहाच्या कपाएवढी. ते स्वस्त आहे कारण ती कोंबडी कागदाएवढ्या जागेत उभी आहे. दोन मादींचं दुःख एका अंड्यात समोरासमोर येतं, आणि मला निवड करावी लागली तर मी या बाईच्या बाजूनं करते. तिला अंडं खाऊ नको म्हणण्याचा अधिकार पोट भरलेल्या कुणालाही नाही, मलाही नाही. म्हणूनच शाळेतल्या अंड्यांचा वाद मला झोंबतो. नोव्हेंबर २०२३मध्ये आपल्या राज्य सरकारनं शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्यांना केळं होतं. जानेवारी २०२५मध्ये त्याचा निधी थांबवला. कोंबडीची कीव येऊन तो थांबवला असता तर मी समजू शकले असते. पण पिंजऱ्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

माझ्यापुरतं मी काही ठरवलंय. ब्रॉयलर आणि पिंजऱ्यातली अंडी मी घरात आणत नाही, कारण माझी ऐपत आहे आणि गावठी अंडी देणारी बाई ओळखीची आहे. मटण जत्रेला आणि पाहुणे आले तर, तेही थोडं. दूध-दही भावाच्या गोठ्यातलं. बी-१२ची गोळी आठवड्याला. हे सगळ्यांना जमेल असं नाही आणि हे पुरेसं आहे असंही नाही.

भावाच्या गोठ्यात मात्र माझा जीव अडकलेला असतो. मध्यंतरी एचएफ व्याली, गोऱ्हा झाला. मी गेले तेव्हा दादा म्हणाला, "तुझं पटतंय गं, पण ह्याला दोन वर्सं पोसू कशानं? डेअरीवाला ह्याच्यासाठी भाव वाढवून देतोय व्हय?" देत नाही, हे खरंच आहे. दुधाच्या लिटरमागं एक-दोन रुपये गोऱ्ह्याच्या नावानं वेगळे काढले पाहिजेत, आणि ते शहरातल्या, हिरवा ठिपका बघून दूध घेणाऱ्या आपण दिले पाहिजेत. गोठ्यावर टाकून चालणार नाही. तोवर एक उपाय आहे. निवडक वीर्याची कांडी मिळते, तिनं दहातल्या नऊ वेळा कालवड होते. साध्या कांडीपेक्षा ती महाग, आणि गाभण राहण्याचं प्रमाण जरा कमी. पुढच्या वेताला तीच भरायची असं आमचं ठरलंय, वरचे पैसे मी देणार आहे.

हा गोऱ्हा आता दीड महिन्याचा झालाय. त्याला दोन्ही वेळेला किती पाजायचं यावरून वहिनी आणि दादाची रोज कुरबूर होते. वहिनी म्हणते दोन लिटर, दादा म्हणतो एक. मी फोनवर वहिनीचीच बाजू घेते.